तीन तास की अकरा?

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर सौ.ला पित्तगळती झाली आणि आठव्या दिवशी पुन्हा दाखल करावे लागले. विमा कंपनी म्हणते, हा खर्च पहिल्याच शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये (ठरलेल्या एकत्रित रकमेत) आला! (गुंतागुंत काय आम्ही हौसेने करून घेतली?) विमा नियामक ‘इर्डाई’च्या २०२४ च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाची विनंती पोहोचल्यापासून तीन तासांत डिस्चार्जची अंतिम मंजुरी हवी, उशिरामुळे वाढलेले बिल कंपनीनेच भरायचे. आम्ही सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत बिलाच्या खिडकीशी आणि सौ. पोटात नळी घेऊन खाटेवर. शेवटी एफडी मोडली. कंपनीला लेखी तक्रार दिली आहे. महिनाभरात दाद लागली नाही, तर भोपाळच्या विमा लोकपालांकडे जाणार. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

– एक ज्येष्ठ वाचक, लोकमान्यनगर, इंदूर