पुलाला तिकीटखिडकी कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अहमदाबादच्या अटल पुलासारखा एखादा देखणा पादचारी पूल मुठेवरही व्हावा, असे एका वाचकाने आपल्या पत्रात नुकतेच सुचवले आहे. सूचना चांगली आहे. मी स्वतः आयुष्यभर पूल-मोऱ्यांच्या कामावर होतो आणि मुलगी अहमदाबादच्या पालडी भागात राहते, त्यामुळे हा पूल मी वर्षातून दोनदा तरी पाहतो. म्हणून थोडे लिहावेसे वाटले.

पूल देखणा आहे, यात वादच नाही. एलिस ब्रिज आणि सरदार ब्रिज यांच्या मधोमध, साबरमतीवर साधारण ३०० मीटर लांबीचा. रुंदी कुठे १०, तर कुठे १४ मीटर. सुमारे २,६०० टन पोलादी नळ्या वापरल्या आहेत आणि वर रंगीत कापडाचे छप्पर आहे. कल्पना उत्तरायणातल्या पतंगांवरून घेतलेली. संक्रांतीला ज्यांनी ते आकाश पाहिले आहे, त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. सकाळी नऊ-साडेनऊला उन्हाची तिरीप आली की छपराचे लाल-पिवळे पट्टे चालणाऱ्यांच्या सदऱ्यांवर उतरतात. खाली पाणी भरलेले असते, कारण वासणा बंधाऱ्याने ते अडवले आहे आणि नर्मदेच्या कालव्यातून ते येते. आपली मुठा मे महिन्यात कशी दिसते ते आठवून मला दरवेळी थोडा हेवा वाटतो.

पण २७ ऑगस्ट २०२२ रोजी उद्घाटन झाले आणि पाठोपाठ तिकीट आले. मोठ्यांना ३० रुपये, मुलांना आणि ज्येष्ठांना १५. फिरायला आलेल्याला ते जड नाही. आम्हीही हौसेने काढले, फोटो काढले. पण पश्चिमेला राहणारी आणि पूर्वेच्या जुन्या शहरात कामाला जाणारी बाई रोज जाऊन-येऊन ६० रुपये देईल का? महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १,५०० रुपये झाले. ती मुकाट्याने गाड्यांच्या धुरातून सरदार ब्रिजवरूनच चालणार. म्हणजे नदीवर पूल आहे, पण पलीकडे जायचे असेल तर दुसऱ्या पुलाने जा! आमच्या काळात नकाशावर याला उद्यान म्हटले असते.

मागच्या खेपेला सौभाग्यवतींना रविवारीत, म्हणजे पूर्वतीरावरच्या जुन्या बाजारात, दगडी खलबत्ता घ्यायचा होता. जाताना पुलावरून गेलो. खलबत्ता मिळाला, घासाघीसही मनासारखी झाली. येताना मात्र हातात पाच-सहा किलोचे धूड घेऊन पुन्हा रांगेत उभे राहायचे, पुन्हा तिकीट काढायचे, हे काही तिला पटेना. सरळ रिक्षा केली. खलबत्ता मांडीवर घेऊन सरदार ब्रिजवरून येताना उजवीकडे तो पतंगाचा पूल छान दिसत होता.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर आमच्या व्यवसायातले लोक हसतील. तिकिटामुळे माणसे मोजली जातात. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मोरबीचा झुलता पूल मच्छू नदीत कोसळला आणि १३५ जण गेले. दुरुस्तीनंतर तो उघडून चारच दिवस झाले होते. त्यानंतर अटल पुलावर तासाला ३,००० माणसांची मर्यादा घातली गेली, ती योग्यच होती. आपल्याकडे १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला, तोही रविवार होता आणि पुलावर गर्दी मावत नव्हती. गर्दी मोजलीच पाहिजे. पण मोजायला पैसे घ्यावे लागत नाहीत, दारावर फिरते फाटक आणि एक जागा माणूस पुरतो. शिवाय आपल्या पूलसंहितेत गर्दीच्या ठिकाणच्या पादचारी पुलाला दर चौरस मीटरला ५०० किलो भार धरायला सांगितले आहे. म्हणजे खांद्याला खांदा लावून माणसे उभी राहिली तरी नव्या पुलाने ती पेलली पाहिजेत.

देखणेपणा आणि रोजची वर्दळ एकत्र नांदत नाहीत, असेही नाही. लंडनचा थेम्सवरचा मिलेनियम पूल बघा. सडपातळ, पोलादी, पात्यासारखा. १० जून २००० रोजी उघडला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला, कारण लोक चालू लागले की तो आडवा डुलायचा. डुलला की माणसे तोल सावरायला नकळत एकाच तालात पाय टाकत, आणि त्या तालाने तो आणखी डुलत असे. त्याला दणके शोषणारे डॅम्पर बसवायला फेब्रुवारी २००२ उजाडले. तेव्हा जगभर हसे झाले. पण आज सेंट पॉल्स कॅथेड्रलकडून पलीकडच्या कलासंग्रहालयाकडे जाणारा त्यावरून फुकट, सायकलीचा चिखल लागलेल्या बुटांनी जातो.

आणखी एक. अटल पुलाच्या मध्यभागी पायाखाली काच बसवली होती. २०२३ मध्ये तिला तडा गेला आणि तो भाग कुंपण घालून बंद करावा लागला. पावसाळ्यात पुणेरी चपलांसाठी काच हा प्रकार न आणलेलाच बरा.

आपल्याकडे डेक्कन आणि संभाजी उद्यान मेट्रो स्थानकांना नदीपलीकडच्या पेठांशी जोडणाऱ्या पादचारी पुलांची कामे हाती घेतली गेली. खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे पेठकरांना सांगायला नको, त्यामुळे अशा पुलांची गरज खरीच आहे. पुढेही मुठेवर पूल होतील. त्यांना रंग द्या, दिवे लावा, पगडीचा आकार द्या, काही हरकत नाही. फक्त नकाशात दोन्ही टोकांना तिकीटखिडकीची चौकोनी खूण दिसली, तर ती आत्ताच खोडावी, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, कोथरूड, पुणे