बाटलीवर नाव लावण्याआधी

वाळपई, सत्तरी

चिरंजीव बाळास,
अनेक आशीर्वाद.

"आई, स्वतःचा फेणीचा ब्रँड काढतोय," असं तू फोनवर म्हणालास तेव्हा बाबा खुशीत हसले आणि मी गप्प बसले. मला पटलं नाही असं तुला वाटलं असणार. तसं नव्हतं रे. मनात इतकं काही दाटून आलं की फोनवर सांगता आलं नाही. आज भट्टी विझवल्यावर निवांत लिहायला बसले आहे.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. काही वर्षांपूर्वी पणजीला एका लग्नात टेबलावर फेणीची देखणी बाटली होती. लेबलवर काजूचं झाड, सोनेरी अक्षरं. आमच्याकडून वर्षानुवर्षं कॅन भरून माल नेणाऱ्या व्यापाऱ्याचीच ती. मी बाटली हातात घेऊन हलवली. चांगल्या फेणीला हलवलं की वर बारीक मणी धरतात आणि काही वेळ टिकतात, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. त्या बाटलीत मणी आले आणि लगेच फुटले. थेंबभर तळहातावर चोळून पाहिलं, तर बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, वास वरवरचा, खाली नुसता स्पिरिटचा उग्रपणा. आमची फेणी त्यात होती, पण किती, कोण जाणे. त्या बाटलीची किंमत ऐकली आणि आम्हाला लिटरमागे मिळालेले पैसे आठवले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून तू ब्रँड काढावास असं मला मनापासून वाटतं. आणि उद्या तूच तो व्यापारी होशील की काय, याची भीतीही वाटते.

तू हिशेब पाठवलास, तो मी दोनदा वाचला. बाटली, बूच, लेबल, डिझाइनवाल्याची फी, सगळं आहे. फेणीचा भाव मात्र तू बाजारात सगळ्यात स्वस्त मिळेल तो धरला आहेस. बाळा, तिथूनच सगळं बिघडतं. बोंडू झाडावरून तोडायचा नसतो, पिकून आपोआप पडलेलाच वेचायचा. पहाटे कमरेत वाकून वेचणाऱ्या बायका, बी पिळून काढणारे हात, कोळंबीत, म्हणजे दगडी खळग्यात, बोंडू तुडवणारे पाय, मग रस तीन-चार दिवस आंबवणं, पहिल्या काढणीचा हुर्राक, तो पुन्हा भाणात, म्हणजे भट्टीवरच्या भांड्यात, घालून फेणी. जाळ जरा जास्त झाला की माल करपट. लाकडाचा जाळ सारखा ठेवायला बाबा रात्ररात्र जागतात. हे सगळं मार्च ते मे या तीनच महिन्यांत. पुढे वर्षभर विकायचा माल तुला याच दिवसांत रोखीने घेऊन ठेवावा लागेल. पैसे एप्रिलमध्ये जातील आणि थोडे थोडे करून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत येतील. कर्ज काढशील तर या दहा महिन्यांचं व्याज आधी मांड.

दारू जीएसटीत नाही, हे तुला माहीत आहे. पण बाटलीवर, लेबलवर, बुचावर तू जीएसटी भरशील आणि त्याची वजावट मिळणार नाही. तो खर्च तुझ्या हिशेबात मला दिसला नाही. शिवाय दारू हा राज्यांचा विषय. गोव्यात लेबल मंजूर झालं म्हणजे बंगळूरला विकता येईल असं नाही. प्रत्येक राज्याची लेबल नोंदणी वेगळी, कर वेगळा. फेणी गोव्याबाहेर गावठी दारू म्हणूनच पाहिली जायची, म्हणून इतकी वर्षं ती इथेच अडकून पडली. 2009 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 ला गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. पहिली दोन वर्षं गोव्यातच घट्ट पाय रोव, मग बाहेर जा.

नावाची ट्रेडमार्क नोंदणी दारूच्या वर्गात, वर्ग 33 मध्ये, करशील ती तुझ्या नावाची. 'फेणी' हा शब्द मात्र कुणा एकाचा नाही. तू टकीलाचं उदाहरण देतोस. मेक्सिकोने 1974 ला ते नाव आपल्या भूमीशी बांधून घेतलं, हे तूच मला सांगितलंस. आपलंही तसंच आहे. जीआयची फेणी गोव्यातच बनली पाहिजे आणि बोंडूचीच असली पाहिजे.

शहरातल्या लोकांना वास सहन होत नाही, तो कमी करता येईल का, असं तू विचारलंस. नाही. तो वास म्हणजेच फेणी. घाई न करता काचेच्या बुधल्यात वर्ष-दीड वर्ष मुरू दे, उग्रपणा आपोआप बसतो. तेवढा धीर धरणाऱ्यांनाच तुझं गिऱ्हाईक समज.

आता सगळ्यात कठीण गोष्ट. तुझा मोठा मामा दारूनेच गेला. शेवटच्या महिन्यात त्याचे डोळे पिवळे झाले होते आणि तो मला ओळखतही नव्हता. त्या वर्षीही आपली भट्टी पेटली, कारण घर त्यावरच चालत होतं. मी तेव्हापासून रोज पहिला दिवा लावताना त्याची आठवण काढते. दारूची जाहिरात कायद्याने करता येत नाही म्हणून लोक सोडा आणि पाण्याच्या नावाने करतात. तू तसलं काही करू नकोस. आणि इशाऱ्याचा मजकूर बारीक अक्षरात कोपऱ्यात दडपू नकोस. हे मी तुझ्याकडे हट्टाने मागते आहे.

बाटलीच्या मागच्या बाजूला भट्टीचं गाव आणि काढणीचं वर्ष छाप. भाव बागायतदार आणि भट्टीवाल्याशी बसून हंगामाआधी ठरव, कागदावर घे. कुठे पैसे वाचवायचेच असतील तर बाटली साधी घे.

बाबांनी शेवटच्या दोन काढण्या राखून ठेवल्या आहेत. पाठवता येणार नाहीत, वाहतुकीचा परवाना लागतो. पाऊस लागायच्या आत तूच ये. एका रात्री जाळ तू सांभाळ, बाबा बाजूला बसतील. डोसे घालायचं पीठ मी वाटून ठेवते.

तुझी,
आई