येळवस आदल्या संध्याकाळी सुरू होते, लेकरं तेव्हा घरी असू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वेळ अमावस्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला रानात पूजा करून जेवायचा आमचा येळवसचा सण, होऊन आता काही दिवस झाले, तुमच्या पेपरात दरवर्षीसारखे लातूरच्या रिकाम्या रस्त्यांचे आणि रानात पंगतीला बसलेल्या माणसांचे फोटो आले, ते बघून बरं वाटलं. पण एक गोष्ट मनात राहिलीय ती लिहितेय, जमलं तर छापा.

आम्ही लातुरात राहतो, सासर निलंगा तालुक्यात तेरणेच्या काठाला. मुलगा 7 वर्षांचा, मुलगी 4 ची. या वेळी येळवस 19 डिसेंबर 2025 ला शुक्रवारी होती, जिल्ह्याला सुट्टी होती, ती आपल्याकडे मिळतेच आणि त्याबद्दल तक्रार काहीच नाही. पण आमच्या ओळखीतल्या चार घरच्या लेकरांना गुरुवारी संध्याकाळी ट्यूशन होती आणि शनिवारी सकाळी शाळेत टेस्ट. म्हणजे काय झालं तर ती माणसं शुक्रवारी दुपारी एकला गाडीनं रानात आली, जेवली, पूजेच्या कडब्याच्या खोपीपुढं फोटो काढले आणि चारला परत, कारण पोराचा अभ्यास राहिलाय. लेकरानं येळवस बघितली असं म्हणायचं, पण त्याच्या वाट्याला आलं ते एक जेवण आणि दोन तास गाडी.

बाहेरच्या जिल्ह्यातल्या वाचकांना वाटेल की येळवस म्हणजे रानात जाऊन जेवायचं, झालं. आमच्याकडची माणसं जाणतात की येळवस खरी होते ती आदल्या संध्याकाळी घरात. आंबिलाचं पीठ त्याच्या आधीच ताकात भिजत पडलेलं असतं, आणि भज्जीसाठी, म्हणजे सगळे दाणे आणि पालेभाज्या एकत्र करून केलेल्या भाजीसाठी, तुरीच्या शेंगा, वाटाणा, हरभऱ्याचे घाटे, वालाच्या शेंगा, मेथी, कांद्याची पात, सगळ्याचा नुसता ढीग पडतो घरात. चिंच भिजवायची, लसूण सोलायचा, शेंगदाणे भाजायचे, तीळ भाजायचे. दहा-पंधरा माणसांची भज्जी म्हणजे दाणे किती लागतात ते सोलणाऱ्यालाच कळतं. पहाटे तीन-साडेतीनला चूल पेटते, पिठाचे उंडे उकडतात, खीर शिजते, पोळ्या होतात आणि दिवस उगवून वर येईपर्यंत सगळं पाट्यांत भरून डोक्यावर. हे सगळं ज्या लेकरानं बघितलं नाही त्याला रानातल्या त्या पानाची किंमत कशी कळावी?

खरं सांगायचं तर मी पण तीन वर्षं तेच केलं. मुलगा लहान होता, ढिगात हात घालायचा, दाणे सांडायचा, टरफलं आणि दाणे एकत्र करायचा, माझं काम दुप्पट व्हायचं, म्हणून मी त्याच्या हातात मोबाईल देऊन आतल्या खोलीत बसवायची. काम लवकर उरकायचं हे खरंय. पण मागच्या वर्षी, म्हणजे 30 डिसेंबर 2024 ला, रानात त्यानं भज्जीला तोंडच लावलं नाही, चिप्सचं पाकीट मागत बसला, आणि माझ्या सासूबाई मला काही बोलल्या नाहीत पण त्यांचं तोंड उतरलं ते मी बघितलं. त्यांनी रात्रभर जागून केलेलं होतं ते.

म्हणून या वर्षी आम्ही गुरुवारी दुपारीच गावाकडे गेलो, ट्यूशन बुडवली, शनिवारच्या टेस्टला पण पाठवलं नाही, मॅडमना तसं सांगितलं. संध्याकाळी ओसरीवर पोतं अंथरलं आणि दोघांना ढिगासमोर बसवलं. मी म्हणाले सांडतील हो, तर सासूबाई म्हणाल्या, "सांडू दे, बसू दे लेकरांना, हात आहेत की त्यांना." मुलीला काम दिलं किडका दाणा बाजूला काढायचं. चार वर्षांचं लेकरू, पण एक-एक दाणा दिव्याखाली धरून बघत होती, आणि अळी सापडली की ओरडायची, सगळ्यांना दाखवायची, मग अंगणात नेऊन सोडायची. मुलगा तुरीच्या शेंगा सोलत होता, अंगठ्याचं नख दुखायला लागलं तरी उठला नाही कारण त्याचे आजोबा शेजारी बसून सोलत होते आणि कुणाची वाटी आधी भरती ते बघायचं होतं. माझे मिस्टर लसूण सोलत बसले. हे मुद्दाम लिहितेय, कारण रात्रभराचं हे काम आजपर्यंत बायकांनीच ओढलंय, आणि लेकरांना कामाला बसवायचं म्हणजे ते बायकांवर आणखी एक ओझं, असं होता कामा नये. बापानं बसलं पाहिजे, आजोबांनी बसलं पाहिजे. पुरुष बसले की पोरं आपोआप बसतात हे मी या वर्षी डोळ्यानं बघितलं. ज्या नोकरी करणाऱ्या बायका सोललेले दाणे पाकिटात आणतात त्यांना मी नावं ठेवणार नाही, त्यांचा दिवस मला माहितीय. पण एक किलो तरी शेंगा लेकरांसाठी आणा, एवढंच म्हणणं.

दुसऱ्या दिवशी मुलानं भज्जी दोनदा मागून घेतली. उंडा कुस्करून भज्जीत कालवून खाल्ला. "यात माझी तूर आहे" म्हणून सगळ्यांना सांगत होता.

मला हे एवढं का लागतं ते पण सांगते. माझं माहेर किल्लारीजवळचं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी 7 वर्षांची होते, आत्ता माझा मुलगा आहे तेवढी. गणपती विसर्जनाची रात्र होती, माणसं नुकतीच झोपली होती. आमचं घर पडलं, माझी काकू आणि तिचं तान्हं लेकरू गेलं. त्यानंतरची येळवस आली तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो. गावात कुणाच्या घरी काय करायचं हा प्रश्नच नव्हता, प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी गेलेलं. पण आमची आजी म्हणाली की दिवाळी नाही केली चालतंय, ही करायची, रानानं काय बिघडवलंय आपलं. आणि येळवसला घर लागतच नाही हो, कडब्याच्या पेंढ्यांची खोप लागते, पाच दगड लागतात पांडव म्हणून चुना लावायला, आणि रान. ते आमच्याकडे होतं. आदल्या संध्याकाळी शेडमध्ये कंदील लावून आजीनं आम्हा सगळ्या चुलत भावंडांना शेंगा सोलायला बसवलं, ज्या पोरांची आई गेली होती ती पण होती त्यात. मोठी माणसं गप्प होती, आम्ही पोरं मात्र सोलता सोलता कधी भांडायला लागलो आणि कधी हसायला लागलो ते कळलं नाही, आणि ते हसणं ऐकून आजी तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मला ती येळवस म्हणून जे आठवतं ते हेच, रानातलं जेवण फारसं आठवत नाही, हातावरचा शेंगांचा वास आठवतो.

या वर्षी सप्टेंबरच्या पुरात आमचं सोयाबीन तर गेलंच, नदीकडच्या दोन पट्ट्यांची मातीसुद्धा खरवडून गेली, खाली गोटे दिसतात. हरभरा उशिरा पेरला, ज्वारी थोडीच. सासरे म्हणत होते या वर्षी मन नाही. पण खोप घातली, पूजा झाली, मुलानं आजोबांच्या मागं मागं "ओलगे ओलगे" ओरडत आंबील शिंपडलं, आणि जिथं माती गेलीय तिथं पण जाऊन शिंपडून आला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सासरे बराच वेळ तिकडंच बघत उभे राहिले. संध्याकाळी गोवऱ्यांवर दूध उतू गेलं, ते कोणत्या बाजूनं गेलं यावरून पुढच्या पावसाचं बोलणं झालं, अंधार पडल्यावर हेंडगा (मशाल) पेटला आणि मुलगी आजोबांच्या खांद्यावर बसून तो बघत होती. चार वाजता परत गेलेल्या लेकरांनी यातलं काहीच बघितलं नाही.

तर माझी शाळांना आणि ट्यूशनवाल्या सरांना हात जोडून विनंती आहे की सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट ठेवू नका आणि आदल्या संध्याकाळी क्लास ठेवू नका, निदान पाचवीपर्यंतच्या लेकरांना तरी. "वेळ अमावस्येची माहिती लिहून आणा, चित्र चिकटवून आणा" असा होमवर्क पण देऊ नका, तो नेटवरून उतरवून आयाच करतात, त्यापेक्षा काय सोललं, किती सोललं एवढं वर्गात तोंडी विचारा. आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्या आपल्या माणसांना सांगायचंय की तिकडं सुट्टी नसते हे कळतं, पण रजा एकच मिळणार असली तरी आदल्या रात्री घरी पोचेल असं निघा.

आत्ता हे लिहायचं कारण म्हणजे परवा नवं कॅलेंडर टांगलं, तर मुलगा एक-एक पान उलटून येळवस शोधत बसला आणि डिसेंबरपर्यंत जाऊन म्हणाला, "मम्मी, ह्यात नाहीच." त्याचं बरोबर आहे. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे त्यामुळं मार्गशीर्षातली अमावस्या पुढं सरकून 7 जानेवारी 2027 ला येते, आख्ख्या 2026 मध्ये येळवस नाहीच. 2023 मध्ये पण असंच झालं होतं, 2022 च्या डिसेंबरनंतर थेट 2024 च्या जानेवारीत आली होती. म्हणजे शाळांकडे वेळापत्रक करायला पूर्ण वर्ष आहे. 7 ला गुरुवार आहे, 6 ची संध्याकाळ आणि 8 चा दिवस तेवढा मोकळा ठेवा. मुलानं भिंतीवर पेन्सिलनं ती तारीख लिहून ठेवलीय, कारण आजोबांनी त्याला कबूल केलंय की पुढच्या वेळी पांडवांना चुना त्यानंच लावायचा.

आपली,
दोन लेकरांची आई, लातूर