पाचवी विनाशिका पोलिश होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेवरचा लेख वाचला. २६ मे १९४१ च्या रात्री ‘चार ब्रिटिश विनाशिकांनी’ तिला घेरलं, असं लेखक ठामपणे सांगतात. विनाशिका पाच होत्या. कोसॅक, माओरी, झुलू, सीख आणि पोलिश नौदलाची पिओरून. त्या पाचांत बिस्मार्क आधी दिसली ती पिओरूनला. पिओरूनचे कमांडर प्वाव्स्की यांनी जहाज थेट बिस्मार्कच्या अंगावर घातलं. यांच्या तोफा १२० मिलिमीटरच्या, समोरच्या ३८० च्या. एक गोळा नीट बसता तरी कारभार आटोपला असता. तरी तासभर झुंज दिली. आणि लेखात तिचं नावही नाही!

जहाज ब्रिटनमध्ये बांधलेलं, ब्रिटननंच दिलेलं, हे खरं. पण त्यावर लढणारी माणसं पोलंडची होती आणि त्यांचा देश तेव्हा दुसऱ्यांच्या ताब्यात होता. त्यांना सरसकट ब्रिटिश म्हणणं हा अन्याय आहे.

मला हे इतकं लागण्याचं कारण आहे. माझी मुलगी आठवीत असताना एका आंतरशालेय प्रश्नमंजूषेत या पाचव्या विनाशिकेबद्दलच प्रश्न आला. तिनं ‘पिओरून’ सांगितलं. परीक्षकांनी हातातला कागद पाहिला, ‘चूक’ म्हणाले आणि प्रश्न पुढच्या संघाला दिला. मी उठून बोलायला गेलो, तर पालकांनी मध्ये पडू नये म्हणून मला खाली बसवलं. बक्षिसाचं जाऊ द्या. बरोबर उत्तर देऊन पोर रडत घरी आली, ते मी विसरलेलो नाही. तिला ते नाव मीच शिकवलं होतं. माझं आजोळ कोल्हापूरजवळचं वळिवडे. १९४३ पासून तिथल्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते, बायका-मुलंच जास्त. आजी त्यांना भाजी द्यायची. कितीजणींच्या घरचे पुरुष लढाईवर होते.

त्यांचं नौदल केवढंसं! युद्धाच्या तोंडावर विनाशिका चारच. विखर ३ सप्टेंबर १९३९ लाच हेल बंदरात बुडाली. ग्रोम ४ मे १९४० ला नॉर्वेतल्या नार्विकजवळ बॉम्बनं गेली, ५९ जणांसह. ब्विस्काविचा मे १९४२ मध्ये इंग्लंडमधल्या काउजला दुरुस्तीसाठी होती. जर्मन विमानं गावावर आली तेव्हा तिच्या तोफा रात्रभर चालल्या. नळ्या इतक्या तापल्या की त्यांच्यावर पाणी मारावं लागलं. ती बांधली गेली होती त्याच गावात. ती आजही पोलंडमधल्या गदिनियात उभी आहे. यातलं एक वाक्य तरी लेखात यायला हवं होतं.

जाता जाता, वळिवडे छावणीवरचं माझं मागचं पत्र छापताना तुम्ही आजीचा सगळा मजकूर गाळलात. उरलेल्या चार ओळींत छावणी कुठं होती हेही कळत नव्हतं. या पत्राला कात्री लावायचीच असेल तर माझं लावा, पिओरूनचं नको. आणि दुरुस्ती पुरवणीतच छापावी, लेख होता त्याच पानावर.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर