बाबांचा हिशेब का चुकतो

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

आई परवा फोनवर म्हणाली, "तुह्या बाबाच्या डोक्शात आता काई राहत नाई." कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे मोजताना टीव्ही सुरू होता, दारात कोणी डवऱ्याचं विचारत होतं, आणि हिशेब पुन्हा पुन्हा चुकत गेला. आई, या चुकण्याला विसराळूपणा म्हणू नकोस. बाबा, तुम्हीही मनाला लावून घेऊ नका.

कामाच्या गोष्टीकडे लक्ष देणं आणि बिनकामाची गोष्ट बाजूला सारणं, मेंदूला ही दोन्ही कामं करावी लागतात. 2005 साली अमेरिकेत मेंदूचा अभ्यास करणारे अॅडम गझाली आणि त्यांच्या सोबत्यांनी तरुण आणि साठीपुढच्या माणसांना चेहऱ्यांची नि निसर्गाची चित्रं दाखवली. एक प्रकार लक्षात ठेवा, दुसऱ्याकडे लक्षच देऊ नका, असं सांगितलं. हव्या चित्रांकडे म्हाताऱ्यांचा मेंदू तरुणांइतकंच लक्ष देत होता. नको ती चित्रं मात्र त्याला दाबता येत नव्हती. म्हणजे पिकाला पाणी पुरतं आहे, निंदणच तेवढं होत नाही. वयोमानानं हे बऱ्याच जणांचं होतं. म्हणून बाबा, तुमची आकडेमोड गेलेली नाही. टीव्हीचा आवाज तिच्यात शिरतो, इतकंच.

मला सर्वांत उपयोगाची वाटली ती वेळेची गोष्ट. टोरंटोत झालेल्या एका अभ्यासात साठीपुढच्या माणसांना दुपारपेक्षा सकाळी बिनकामाच्या गोष्टींकडे दुर्लक्ष करणं चांगलं जमलं. तुम्ही तर पहाटेच उठता. मग हिशेब, बँकेचे कागद, आईच्या बीपीच्या गोळ्या डबीत लावणं, हे सगळं चहा झाला की लगेच उरका, टीव्ही बंद ठेवून. फवारणीचं औषध मोजताना तर कोणाशीच बोलू नका, मोबाइल घरी राहू द्या. त्या मापात चूक झाली तर जिवावर बेतेल, याची मला फार काळजी वाटते. आणि आई, बाबा मोजत असले की त्यांना काही विचारू नकोस. "झालं" म्हणेपर्यंत थांब.

मात्र रोजची वावराची वाट चुकली, ओळखीच्या माणसाचं नाव आठवेना, असं वारंवार होऊ लागलं तर मला लगेच सांगा, लपवू नका. तसं झालं तर डॉक्टरांना दाखवावंच लागेल. कानाचं तर आताच बघू. कमी ऐकू येत असलं की गलक्यात बोलणं समजून घ्यायलाच मेंदू जास्त शिणतो. तूर निघाली की मी येते, तेव्हा सेवाग्रामच्या दवाखान्यात दोघांचेही कान तपासून घेऊ. बाबा, "मले काय झालं" म्हणून टाळू नका.

तुमची लेक