आईचं नाव पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,

माझा चेहरा तुम्हाला आठवत नसेल, आवाज नक्की आठवत असेल. "अहो, किती वेळा तेच विचारणार? कालपासून इथेच आहे ती!" असं रात्री अकरा वाजता तुमच्यावर खेकसणारी मीच. आधी त्याची माफी मागते, मग आभार.

ऑपरेशननंतर आईचं हिमोग्लोबिन ६.२ वर आलं, म्हणून रक्त चढवायचं ठरलं. पिशवी आली, आणि ती लावायची सोडून तुम्ही आईला जागं केलंत. "मावशी, पूर्ण नाव सांगा. जन्मतारीख?" आई गुंगीत. मी सांगते म्हटलं, तरी तिच्या तोंडून आल्याशिवाय तुम्ही पुढे सरकला नाहीत. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं तर गुंगीतला पेशंट कशालाही हो म्हणतो, हे तुम्ही नंतर सांगितलंत. पलीकडच्या खाटेवर आईच्याच नावाच्या बाई होत्या, आडनाव तेवढं वेगळं. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मग दुसऱ्या सिस्टर आल्या. तुम्ही पिशवीवरचा नंबर एकेक आकडा करून वाचत होतात, त्या फॉर्मवर बोट ठेवून तोच परत म्हणत होत्या. रक्तगट, मुदत, मनगटावरचा पट्टा, दोघींच्या सह्या. मध्येच मी शहाणपणा केला: पिशवी गारठलेली आहे, जरा गरम पाण्यात धरा ना! तुम्ही हसलाही नाहीत. जास्त उष्णतेने तांबड्या पेशी फुटतात, म्हणालात; आणि फ्रीजबाहेर काढलेली पिशवी अर्ध्या तासात सुरू होऊन चार तासांत संपायला हवी, तेव्हा आता मला काम करू द्या.

थेंब अगदी हळू सोडून तुम्ही स्टूल ओढलंत. पहिली १५ मिनिटं मी इथून हलणार नाही, म्हणालात. बेल वाजत होत्या, त्या दुसऱ्या सिस्टर बघत होत्या.

बाराव्या मिनिटाला आई म्हणाली, "पंखा बंद कर गं."

मी उठले पंख्याकडे. तुम्ही उठलात पिशवीकडे.

क्लॅम्प बंद. रक्ताची नळी काढून नव्या सेटने सलाईन सुरू, शीर चालू राहावी म्हणून. तोवर आईचे दात वाजायला लागले होते. ९८.६ चा ताप १०१ वर. डॉक्टरांना फोन करता करताच तुम्ही तिला विचारत होतात, कंबर दुखतेय का, छाती भरून येतेय का, आणि वाकून लघवीच्या पिशवीचा रंग बघत होतात. तो रंग का बघायचा, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा पोटात गोळा आला. चुकीच्या गटाचं रक्त गेलं तर पेशी फुटून लघवी लालसर होते.

तसं काही नव्हतं. उरलेली पिशवी नळीसकट, आईच्या ताज्या नमुन्याबरोबर रक्तपेढीत गेली. गट बरोबर निघाला. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमुळे येणारा ताप होता. पुढची पिशवी त्या पेशी गाळून आली आणि विनातक्रार गेली. तुमची तेव्हा ड्यूटी नव्हती, म्हणून हे पत्रात लिहितेय.

टाके निघाले, आई हिंडतेफिरते आहे. परवा तपासणीला गेलो तर रक्त घ्यायला मुलगा आला. त्याने सुई उघडायच्या आत आईने पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगून टाकली. वर त्यालाच म्हणाली, "आता बाटलीवर काय लिहिलंय ते वाच बघू मोठ्याने."

तुमची ऋणी,
खाट नंबर ७ ची मुलगी