आधी रातांबा, मग ब्लेड

भोसरी, 22 एप्रिल

प्रिय बाळ्या,

तुझं पाकीट परवा मिळालं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायच्या मशीनचं ड्रॉइंग बघून डिप्लोमाचा ड्रॉइंग हॉल आठवला. लेटरिंग अजून तसंच गिचमिड आहे. ब्लेड किती जाड ठेवू, असं विचारलंयस. ते आज सांगत नाही. चिडू नकोस, पण मुळात ब्लेडच हवं हे ठरवलं कोणी?

माझंच सांगतो. मागे एका गिऱ्हाइकाला पार्ट उचलून ठेवणारी यंत्रणा करून दिली. दाबाच्या हवेवर चालणारे सिलिंडर, सेन्सर, सगळं चकाचक. बसवायला गेलो तर त्या कोपऱ्यात हवेची लाइनच नव्हती. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ते सिलिंडर आजही माझ्या रॅकवर धूळ खात पडलेत.

जर्मनीत पाल (भिंतीवरची नव्हे) आणि बाइट्स नावाचे दोन प्राध्यापक होते. त्यांनी 1977 साली डिझाइनची शिस्त एका ग्रंथात मांडली. आधी काम नीट समजून घ्यायचं, मग कल्पना, मग आकार नि मापं, आणि पक्की ड्रॉइंग सगळ्यात शेवटी. तू थेट शेवटच्या पायरीवर उडी मारलीस. अर्थात, सगळे तेच करतात.

तेव्हा आधी एक कागद घे. एका बाजूला 'हवंच', दुसऱ्या बाजूला 'असलं तर बरं'. साल फाटून चोथा होता कामा नये, नाहीतर आमसुलं कसली करणार? बी फुटू नये, तेल त्यातूनच निघतं. रस इतका आंबट की साधं लोखंड गंजणारच. रोज संध्याकाळी पाण्याने धुता आलं पाहिजे. लाइट गेली तरी हाताने फिरवता यावं, हे 'हवंच' की 'बरं', ते तुझ्या वाडीतल्या बायकांना विचार, मला नको. तासाला किती किलो, तेही त्यांनाच. 'भरपूर' हा आकडा नव्हे. आणि व्हर्नियर घेऊन शंभर रातांबे मोज. सगळ्यात लहान केवढा, सगळ्यात मोठा केवढा? तुझ्या ड्रॉइंगात सगळे एकाच मापाचे आहेत, जणू बेअरिंगचे बॉल!

मग काम तोड, पण वस्तूचं नाव न घेता: फळ एकेक करणं, धरणं, साल उघडणं, गर नि बी काढणं, रस जमवणं. प्रत्येकासमोर निदान तीन मार्ग लिही. उघडायचं तर पातं आहे, ताणलेली तार आहे, दोन रोलरमध्ये दाबणं आहे, पिळणं आहे. हा तक्ता झ्विकी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने रूढ केला. पाच कामं, प्रत्येकी तीन मार्ग, म्हणजे प्रत्येक कामाचा एकेक मार्ग घेऊन 243 जुळण्या. घाबरू नकोस, बहुतेक बघताक्षणीच बाद होतात. उरलेल्या दोन-तीन मात्र पुठ्ठा-लाकडाच्या करून पाहा, पैसे न घालता.

मला त्या जर्मनांची सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. यंत्रात जे बळ आधीच आहे त्यालाच कामाला लावायचं, असं ते म्हणतात. घरातला हॉकिन्सचा कुकर बघ. झाकण आतून बसतं, त्यामुळे वाफच त्याला कडेवर दाबून धरते. दाब वाढला की ते आणखी घट्ट बसतं, आणि दाब असेपर्यंत उघडता येत नाही. वेगळं कुलूप नाही की पाटी नाही. आता तुझा गार्ड, म्हणजे हात कापू नये म्हणून पात्यावर लावलेलं झाकण, बघ: चार बोल्ट. धुवायला पहिल्या दिवशी निघेल तो पुन्हा चढणार नाही, लिहून ठेव. त्यापेक्षा फळं टाकायचा घसाच इतका लांब नि अरुंद कर की हात पात्यापर्यंत पोचूच नये. किंवा ट्रे सरकवल्याशिवाय हँडल गुंतूच नये. ट्रे धुवून परत लावावाच लागतो, नाहीतर रस जमिनीवर.

यंदाचा हंगाम मोजण्यात गेला तर जाऊ दे. मशीन पुढच्या वर्षी.

आणि हो, काकू रातांबा फोडताना नक्की काय करतात? विळीवर कापतात, की अंगठ्याने दाबून उकलतात? शेजारी बसून नीट बघ आणि कळव. मग ब्लेडच्या जाडीचं बोलू.

तुझा,
सुध्या